पदवीनंतरची पहिली नोकरी : अर्जापासून नेमणूकपत्रापर्यंत

पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरात पेढे येतात, शेजारीपाजारी अभिनंदन करतात आणि आठ-पंधरा दिवसांतच "पुढे काय?" हा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. आपल्या वसई-विरार परिसरातील अनेक घरांत पदवी घेणारी ही पहिलीच पिढी आहे. आईवडिलांनी वाडी राखून, मासळी विकून किंवा कारखान्यात पाळ्या करून मुलांना शिकविले. मात्र नोकरीचा अर्ज कसा करावा, मुलाखतीत काय बोलावे, हातात आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. महाविद्यालयातही या गोष्टी क्वचितच शिकविल्या जातात. त्यामुळे हुशार मुलेही पहिल्या दोन-तीन अनुभवांत खचतात किंवा फसतात. हे टळावे, या हेतूने प्रस्तुत लेखात आम्ही पहिल्या नोकरीच्या वाटेवरील टप्पे क्रमाने मांडत आहोत.

शोध कोठे घ्यावा?

बहुतेक पदवीधर मोबाइलवर एक-दोन संकेतस्थळे उघडतात आणि दिसेल त्या जाहिरातीला अर्ज पाठवितात. शंभर अर्ज जातात, उत्तर एकाचेही येत नाही. त्याऐवजी आपल्याला कोणत्या प्रकारचे काम हवे आहे, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार शोधाची दिशा निवडावी.

वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना अंधेरी, गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल येथील कार्यालये दिसतात; पण वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लहान-मोठ्या कारखान्यांनाही लेखा सहायक, भांडार सहायक आणि मालाच्या रवानगीचे काम पाहणारी माणसे लागतात. रसायनशास्त्राच्या पदवीधरांसाठी तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत जवळ आहे. तेथील रसायन व औषधनिर्मिती कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गुणवत्ता तपासणीची कामे असतात. डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल गाड्या धावू लागल्याने विरारच्या पुढे नोकरीला जाणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. चर्चगेट वसईपासून सुमारे ५२ किलोमीटर आहे. रोज दोन्ही वेळच्या गर्दीतला हा प्रवास आणि घराजवळचे थोडे कमी वेतन यांची तुलना प्रत्येकाने शांतपणे करावी.

शासकीय पातळीवर केंद्रीय श्रम मंत्रालयाचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ २०१५ पासून, तर महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम' हेही उपलब्ध आहे. दोन्हींवर नोंदणी निःशुल्क आहे. पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारी हा आणखी एक मार्ग आहे, पण त्याची माहिती फार थोड्यांना असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपन्या व सार्वजनिक उपक्रम ठरावीक मुदतीसाठी पदवीधरांना घेतात आणि दरमहा विद्यावेतन देतात. पश्चिम विभागासाठी या योजनेचे मंडळ मुंबईत शीव येथे आहे. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे आणि मुदत संपल्यावर कामावर घेतलेच पाहिजे असे बंधनही नाही. परंतु पुढील अर्जात 'अनुभव' या रकान्यात लिहिण्यासारखे काहीतरी हाती येते, हा लाभ मोठा आहे.

बँक व शासकीय सेवेकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्र शासनाच्या गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या आहेत. सार्वजनिक बँकांतील लिपिक पदालाही मुलाखत नसते. तेथे लेखी परीक्षाच निर्णायक ठरते. २०२१ मध्ये झालेल्या निर्णयानुसार लिपिक भरतीची परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत देता येते. ज्या राज्यासाठी अर्ज करावयाचा, तेथील स्थानिक भाषा लिहिता, वाचता व बोलता येणेही आवश्यक असते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी आपल्या भाषेला अडसर मानू नये, असे आम्हांला वाटते, त्याचे हे एक ठोस कारण आहे.

अर्ज व स्वपरिचयपत्र

पूर्वी बायोडाटा टंकलिखित करून पाकिटातून पाठविला जाई आणि तो उघडून वाचणारा एक कारकून असे. आज मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक चाळतो. जाहिरातीत मागितलेली कौशल्ये अर्जात आहेत काय, हे तो शब्दांवरून पाहतो. म्हणून जाहिरात दोनदा वाचावी. त्यात 'टॅली', 'जीएसटी विवरणपत्र', 'एक्सेल' असे शब्द असतील आणि ते काम आपल्याला खरोखर येत असेल, तर तेच शब्द आपल्या स्वपरिचयपत्रात यावेत. रंगीत चौकटी, चित्रे, दोन-दोन रकाने यांत यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. साधी मांडणी सर्वांत उत्तम.

नवख्या पदवीधराचे स्वपरिचयपत्र एका पानाचे असावे. नाव, दूरध्वनी, ईमेल, शिक्षण, येणारी कौशल्ये, केलेले काम व प्रकल्प, अवगत भाषा एवढे पुरेसे आहे. वडिलांचा व्यवसाय, धर्म, उंची, वजन यांचा उल्लेख करण्याचे कारण नाही. आधार किंवा पॅन क्रमांक तर अर्जात मुळीच लिहू नये. त्यांचा गैरवापर होऊ शकतो. ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. शाळकरी वयात मित्रांनी ठेवलेल्या टोपणनावाचा पत्ता नोकरीच्या अर्जावर शोभत नाही.

अर्जातील सर्वांत मोठा दोष म्हणजे पोकळ विशेषणे. "मी कष्टाळू, प्रामाणिक व जिद्दी आहे" हे वाक्य प्रत्येकाच्या अर्जात असते, म्हणून ते कोणीच वाचत नाही. त्याऐवजी घडलेली गोष्ट लिहावी. गावच्या क्रीडास्पर्धेत सोळा संघांचे प्रवेशशुल्क गोळा करून त्याचा हिशेब मंडळाला सादर केला असेल, तर तेवढेच लिहावे. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या असतील, वडिलांच्या फुलांच्या व्यवसायात दादरच्या व्यापाऱ्यांची उधारी-वसुली सांभाळली असेल, तर तेही काम आहे. आपली मुले अशा गोष्टी 'घरचे काम' म्हणून सोडून देतात. वाचणाऱ्याला मात्र त्यांतूनच माणूस दिसतो.

न येणारी गोष्ट येते असे लिहू नये. 'एक्सेल उत्तम येते' असे लिहिणाऱ्याला मुलाखतीतच संगणकासमोर बसवून दोन याद्या जुळवावयास सांगतात, आणि मग पुढील सर्व उत्तरांवरचा विश्वास उडतो.

नावातील फरक : आपल्याकडील नेहमीची अडचण

हा मुद्दा आमच्या वाचकांना विशेष लागू पडतो. आपल्या मुलांची नावे अनेक दाखल्यांवर निरनिराळी आढळतात. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. 'डिसोजा'मध्ये एका कागदावर स्वल्पचिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही. 'गोन्साल्विस' आणि 'परेरा' यांची इंग्रजी वर्णाक्षरे तर एकाच घरातील दोन भावंडांचीही वेगळी असतात. घरात या फरकाचे कोणाला काही वाटत नाही, पण नोकरी लागताना तो आडवा येतो. कंपनी पदवी प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक खाते ताडून पाहते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरील नाव आधारशी जुळले नाही, तर पुढे स्वतःचेच पैसे काढताना खेटे घालावे लागतात.

म्हणून निकालाची वाट पाहत असतानाच सर्व कागद एका टेबलावर मांडावेत आणि अक्षर न अक्षर तपासावे. बहुधा दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकीचे कागद त्यानुसार दुरुस्त करून घेणे सोयीचे पडते. नावात खरोखर बदल करावयाचा असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करून घ्यावा. त्याचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे करावा लागतो. हे काम मुलाखतीचे बोलावणे आल्यावर सुरू केले तर उशीर होतो.

मुलाखत : भीती कशाची आणि तयारी कशाची?

मुलाखत घेणाऱ्याला साधारण तीन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात : या व्यक्तीला काम येते का किंवा शिकता येईल का, ती टिकेल का, आणि इतरांबरोबर मिळूनमिसळून वागेल का. सर्व प्रश्न फिरून याच तीन ठिकाणी येतात. हे ओळखले की प्रश्नांची भीती बरीच कमी होते.

पहिला प्रश्न बहुधा "स्वतःविषयी सांगा" हा असतो. येथे अनेक उमेदवार गाव, आईवडील, भावंडे, छंद अशी जंत्री सुरू करतात. दीड मिनिटाचे उत्तर तयार ठेवावे : काय शिकलो, काय काम केले, त्यातून काय कळले, आणि येथे का आलो. उदाहरणार्थ, लेखा सहायकाच्या जागेसाठी एखादी मुलगी असे सांगू शकेल : "मी यंदा वाणिज्य शाखेची पदवी घेतली. शेवटची दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर एका करसल्लागाराकडे खरेदी-विक्रीची बिले टॅलीत भरण्याचे काम केले. महिनाअखेरीस हिशेब का जुळत नाही, हे शोधून काढायला मी तेथे शिकले. आपल्याकडे हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणून मी अर्ज केला." यात एकही विशेषण नाही, तरी ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

तो पुढचा प्रश्न विषयाचा असतो, आणि उमेदवार बहुधा तेथेच अडखळतात. बिले भरली म्हणता, तर पुरवठादाराने विवरणपत्रात न दाखविलेले बिल कसे ओळखाल? प्रयोगशाळेत काम हवे आहे, तर पीएच मापक वापरण्यापूर्वी त्याचे मापांकन कशाने करतात? असे प्रश्न पाठ्यपुस्तकातील पहिल्या प्रकरणांचेच असतात. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाची पायाभूत प्रकरणे पुन्हा वाचावीत. उत्तर आले नाही, तर "हे मला आता आठवत नाही" असे सरळ सांगावे. थापा मारणारा उमेदवार अनुभवी माणसाच्या ध्यानात लगेच येतो.

"एखादी अडचण कशी सोडविलीत?" या प्रश्नाला उत्तर देताना चार पायऱ्या लक्षात ठेवाव्यात : प्रसंग काय होता, आपली जबाबदारी काय होती, आपण नेमके काय केले, आणि परिणाम काय झाला. तिसऱ्या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. आपली मुले नम्रतेपोटी "आम्ही सर्वांनी केले" असे म्हणून थांबतात. नम्रता चांगलीच, पण मुलाखत एका व्यक्तीची असते, म्हणून त्यातला आपला वाटा कोणता होता, ते स्पष्ट सांगावे.

एटीकेटी लागली असेल, एखादे वर्ष वाया गेले असेल, तर ते लपवू नये. दोन वाक्यांत कारण सांगावे आणि नंतर काय सुधारणा केली ते सांगून पुढे जावे. घरच्या आजारपणाचे किंवा पैशांच्या ओढाताणीचे कारण सांगण्यात कमीपणा नाही.

इंग्रजीविषयी दोन शब्द. मराठी माध्यमातील अनेकांना विषय येतो, पण इंग्रजीत प्रश्न आला की घशाला कोरड पडते. पाठ केलेली लांबलचक इंग्रजी वाक्ये मध्येच तुटतात. लहान, साधी वाक्ये बोलावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. एखादा मुद्दा अडलाच, तर तो हिंदीत किंवा मराठीत सांगू का, असे विचारण्यास हरकत नाही. काही ठिकाणी परवानगी मिळते. घरी रोज पंधरा मिनिटे मोठ्याने बोलण्याचा सराव करावा आणि तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकावा. आपल्या गावात बँकांत, शाळांत, कंपन्यांत नोकरी करून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यासमोर सरावाची मुलाखत द्यावी. विनंती केली तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

वेळेबाबत तडजोड नको. पावसाळ्यात पश्चिम रेल्वेचा भरवसा देता येत नाही, म्हणून मुलाखतीच्या वेळेआधी अर्धा तास पोहोचता येईल अशी, आणि तिच्याही आधीची गाडी पकडावी. मुलाखत संगणकावर असेल, तर मोबाइल भारित ठेवावा, घरातील वीज गेल्यास कोठे बसता येईल हे ठरवून ठेवावे आणि पाठीमागे वर्दळ नसेल अशी जागा निवडावी.

वेतनाचा हिशेब

"वार्षिक ३ लाख ६० हजार" असे ऐकून घरची मंडळी महिन्याला ३० हजारांचा हिशेब मांडतात. पहिल्या महिन्यात खात्यावर त्याहून बरीच कमी रक्कम दिसली की फसवणूक झाल्यासारखे वाटते. ही वार्षिक रक्कम म्हणजे कंपनीला होणारा एकूण खर्च असतो. एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे दरमहा १५,००० रुपये आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के वाटा वर्षाला २१,६०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८ रुपये धरले जातात. दहा टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, कामगिरीवर अवलंबून वर्षअखेरीस मिळावयाचे असतात. हे सर्व वजा जाता २,९३,७४२ रुपये उरतात. महिन्याला सुमारे २४,४७८. त्यातून निधीतील आपला वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला की हाती सुमारे २२,५०० रुपये येतात. (महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून व्यवसाय कर माफ आहे.)

यात लबाडी नाही. निधीतील दोन्ही वाटे आपल्याच नावावर जमा होतात. पण घरभाडे, कर्जाचा हप्ता किंवा बहिणीच्या शिक्षणाचा खर्च ठरविताना ३० हजार धरायचे की साडेबावीस, याने मोठा फरक पडतो. म्हणून "हातात दरमहा किती येतील?" हा प्रश्न निवड झाल्यावर सभ्यपणे विचारावा. तो विचारणे हा उमेदवाराचा अधिकार आहे.

सही करण्यापूर्वी

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. तोंडी आश्वासनावर जुनी नोकरी सोडू नये. पत्रात पदाचे नाव, वेतन, परिवीक्षा काल, कामाचे ठिकाण, नोकरी सोडताना द्यावयाच्या सूचनेचा कालावधी हे सर्व पाहावे.

काही कंपन्या दोन-तीन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरू, असा करार करून घेतात. "असे करार कोर्टात टिकत नाहीत" असे मित्र सांगतात, पण त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची व ती पूर्ण न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य धरली. प्रत्येक करार टिकेलच असे नाही. रक्कम व मुदत वाजवी आहे का, हे पाहिले जाते. तरीही सही करताना तो पाळावा लागेल असे धरूनच सही करावी. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवण्यास देऊ नयेत. पडताळणीपुरती दाखवावीत आणि लगेच परत घ्यावीत.

फसवणुकीपासून सावध

नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा मालक खरा नसतो, हा नियम प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत, कागदपत्र तपासणी, गणवेश, अशी नावे अनेक असतात. मुलाखत न घेता आलेले नेमणूकपत्र, कंपनीच्या नावाऐवजी कोणत्याही मोफत सेवेवरून आलेला ईमेल आणि "आजच पैसे भरा" ही घाई, या तीन खुणा दिसल्या की थांबावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका विलंब होतो, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता घटते.

आखाती देशांत व अन्यत्र जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणाऱ्या दलालाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी आहे. लाख-दीड लाख मागणारा, पावती न देणारा, किंवा "पर्यटक व्हिसावर चला, तेथे गेल्यावर कामाचा करून देऊ" असे सांगणारा दलाल टाळावा. थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार २०२२ पासून उघडकीस आले आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबाबत इशारेही दिले. त्यांत संगणक येणारे, सुशिक्षित तरुण होते, हे लक्षात घ्यावे.

पालकांसाठी

पहिली नोकरी मिळण्यास काही महिने लागू शकतात. या काळात "अमक्याच्या मुलाला लागली, तुला का नाही?" हे वाक्य घरात उच्चारले जाऊ नये, अशी आमची पालकांना कळकळीची विनंती आहे. अशा वाक्यांनी दुखावलेला मुलगाच घाईने दलालाच्या दारात जातो किंवा कोणत्याही करारावर सही करतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसावे, कोठे अर्ज केले, काय उत्तर आले ते विचारावे. इंग्रजी कळत नसले तरी त्याचे उत्तर ऐकून घेता येते.

तरुणांनीही एका वहीत अर्जाची तारीख, कंपनी, पद, मुलाखतीत विचारलेले प्रश्न आणि न आलेली उत्तरे लिहून ठेवावीत. नकार आला की त्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून न आलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पाच-सहा मुलाखतींनंतर तेच प्रश्न फिरून येऊ लागतात आणि तोपर्यंत त्यांची उत्तरे वहीत लिहिलेली असतात.